हुकूम दिल्लीत, बाटली वाडीत!

जुलाबाने गळून गेलेल्या लेकराच्या ओठांना साखरेचे पाणी लावायचे आणि बाटलीवर मात्र जलसंजीवनीचे नाव छापायचे, याला आम्ही गुन्हा म्हणतो. हा गुन्हा या देशात वर्षानुवर्षे उजळ माथ्याने चालला. औषधाच्या दुकानात दर्शनी फळीवर मांडून चालला आणि सरकारी परवानगी खिशात ठेवून चालला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाला जाग आली. कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ हा जलसंजीवनीचा इंग्रजी शब्द, मागे-पुढे काहीही जोडून, वापरता येणार नाही, असा हुकूम निघाला. १९ नोव्हेंबरला दुसरा हुकूम काढावा लागला: असली पेये दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून ताबडतोब उचला. पहिला हुकूम पाळला गेला असता तर दुसरा काढावा लागला असता काय? आणि दुसरा तरी पाळला गेला, हे कोणी, कोणत्या गावात, कोणत्या फळीपुढे उभे राहून पाहिले?

हा प्रश्न भंडारदऱ्याच्या वतीने विचारला पाहिजे, कारण त्याचे खरे उत्तर तिथेच सापडेल. पर्यटकाला भंडारदरा म्हणजे आर्थर सरोवर, रंधा धबधबा, पावसाच्या तोंडावरचे काजवे आणि कळसूबाईची चढण. पण धरणाच्या पाण्यामागे घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, पांजरे, उडदावणे अशी अकोले तालुक्यातली गावे आहेत. त्या गावांच्या वाड्यांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसे राहतात. घाटघराला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. त्या पावसात ओढ्याचे पाणी विहिरीत उतरते, प्यायचे पाणी गढूळ होते आणि जुलाब-उलट्या सुरू होतात. पोर सुकायला लागले की आईने काय करावे? आशाताईकडची जलसंजीवनीची पुडी हाती आली तर बरे. ती संपली असेल, रस्त्यावर दरड आली असेल, तर बाजाराला गेलेला कोणी जे आणील ते पाजायचे. आणणारा माणूस नाव सांगून मागतो आणि नाव बघून घेतो. त्याच्या हाती दुसरे साधनच नाही. हे हेरूनच ते नाव पळवले गेले.

ज्यांना हा लेबलावरचा किरकोळ वाद वाटतो त्यांनी जलसंजीवनी म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. त्यातले ग्लुकोज गोडीसाठी घातलेले नाही. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आत जाते ते ग्लुकोजच्या सोबतीने, आणि सोडियमच्या मागोमाग पाणी शरीरात शिरते. म्हणून दोघांचे प्रमाण तोलून धरलेले आहे. साखर भरमसाट वाढवली की सगळे उलटते. आतड्यातली ती दाट साखर शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते, जुलाब वाढतात आणि पोर आणखी सुकते. ‘ओआरएस’च्या नावाशी खेळणाऱ्या काही पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमहून अधिक साखर होती. सूत्रात साडेतेरा ग्रॅम आणि बाटलीत शंभराच्या वर! इथे लेबल चुकले म्हणजे औषधाचा विकार झाला, आणि तोही ज्या आजारावर ते द्यायचे त्याच आजारात.

या औषधाची थोरवी जगाला आपल्याच भूमीतून कळली आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पाणी पिंपांत भरले आणि आईबापांनीच ते रुग्णाला पाजावे अशी व्यवस्था केली. शंभरातली तीस माणसे जिथे मरत होती, तिथे मरणाचे प्रमाण चारच्या खाली आले. काही पैशांच्या पुडीने लाखो जीव वाचवले, तिच्यावर कोणाची मालकी नव्हती, तिचे नाव सगळ्यांचे होते. हेच सार्वजनिक नाव उचलून पुठ्ठ्याच्या डब्यातल्या गोड पेयावर चिकटवण्यात आले. माणसाच्या विश्वासाची ही चोरी आहे आणि चोरीच्या मालाला ‘लेबलातील त्रुटी’ असे सोज्वळ नाव देणे आम्हांला मान्य नाही.

ही चोरी उघडकीस आणली कोणी? सरकारी प्रयोगशाळेने नाही, औषध निरीक्षकाने नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ वर्षे एकट्या झगडल्या. पत्रे लिहिली, न्यायालयात गेल्या, लोकांपुढे बोलल्या. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने बंदी घातली, आणि तीन महिन्यांत, जुलैत, तीच बंदी सैल केली. नावाच्या मागे-पुढे काही जोडा आणि ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले सूत्र नव्हे’ असे डब्यावर छापा, म्हणजे झाले! फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सवलतीवर पुन्हा मोहोर उमटली. तीन वर्षे या देशाच्या अन्न प्राधिकरणाने कंपन्यांना लेखी मुभा दिली की, दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत खोटे बोला आणि खरे मात्र बारीक अक्षरांत सांगा. २०२५ चा हुकूम निघाल्यावर एक बडी कंपनी तयार पडलेला माल विकू द्या म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाच्या दारात उभी राहिली. आजारी लेकराच्या तोंडी जाणारी वस्तू चुकीच्या नावाची आहे हे ठरल्यावरही साठा संपवण्याची मुदत मागावीशी वाटते, याची चीड ज्याला येत नाही त्याने सार्वजनिक आरोग्याच्या खुर्चीवर बसू नये.

आणि ती बारीक अक्षरे कोणत्या भाषेत होती? इंग्रजीत. खाद्यपदार्थांच्या लेबलांचे नियम सांगतात की मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठीची सक्ती त्यांत नाही. औषधांच्या नियमांतही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मंत्र्यांनी एकमेकांना पेढे भरवले. त्याच मराठीत ‘चार वर्षांखालील मुलाला देऊ नये’, ‘हे पिण्याचे औषध नव्हे’, ‘या तारखेनंतर वापरू नये’ ही तीन वाक्ये औषधाच्या वेष्टनावर सापडतील अशी खात्री महाराष्ट्रात आज कोणीही देऊ शकत नाही. पुस्तकाच्या कपाटात अभिजात आणि औषधाच्या बाटलीवर अदृश्य, अशी ही भाषा! उडदावण्याच्या आईने औषध पाजण्याआधी इंग्रजी शिकावे, अशी या राज्याची अपेक्षा आहे काय?

आता लेबलातली चूक जगात कशी हाताळली जाते ते पाहा. मे २०१७ मध्ये ल्युपिन या मुंबईच्या कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने ‘मिबेलास २४ फे’ या गर्भनिरोधक गोळ्यांची एक बॅच परत मागवली. गोळ्यांत दोष नव्हता. पाकिटात पट्टी उलटी, १८० अंशांनी फिरलेली बसली होती. त्यामुळे गोळ्यांचा क्रम उलटला, पहिल्या चार दिवसांत संप्रेरक नसलेल्या गोळ्या पोटात जाणार होत्या. शिवाय बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दिसेनाशी झाली होती. तक्रार एका गिऱ्हाइकाने केली, आणि त्या तक्रारीवरून सबंध बॅच बाजारातून उचलली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये हेटेरो समूहातल्या कॅम्बर कंपनीच्या मालात दम्याच्या मॉन्टेलुकास्टचे लेबल लावलेल्या बाटलीत रक्तदाबाच्या लोसार्टनच्या गोळ्या निघाल्या. ती बॅचही क्रमांकानिशी जाहीर करून परत मागवली. अमेरिकेचे औषध प्रशासन दर आठवड्याला अशा मालाची यादी छापते: कंपनी कोणती, बॅच कोणती, दोष काय. कंपन्या आपल्या, कामगार आपले. मग तिकडच्या बाईच्या हातात उलटी पट्टी गेली तर माल परत येतो, आणि इकडच्या बाईच्या हातात पट्टीचा तुकडा जातो तेव्हा कोणाच्याही कपाळावर आठी का पडत नाही?

पट्टीच्या तुकड्याची ही गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवणार आहोत, कारण सगळ्या व्यवहाराचे पितळ तिथे उघडे पडते. खेड्यापाड्यात पूर्ण पट्टी विकत घेण्याइतके पैसे माणसाच्या गाठीला नसतात. दोन दिवसांच्या चार गोळ्या कात्रीने कापून मिळतात. त्यात दुकानदाराचे पाप नाही आणि गिऱ्हाइकाचेही नाही, गरिबीचा व्यवहार असाच चालतो. पण बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहते. वाडीत पोहोचतात त्या नाव नसलेल्या, तारीख नसलेल्या, क्रमांक नसलेल्या गोळ्या. अमेरिकेत ज्या दोषापायी बॅच परत मागवली, तो दोष आमच्या डोंगरात रोजचा शिरस्ता आहे! उद्या मुंबईहून जाहीर झाले की अमुक क्रमांकाच्या बॅचवर चुकीची मात्रा छापली गेली आहे, तर त्या चार गोळ्या कोणत्या बॅचच्या हे कोण सांगणार? बिल दिलेले नाही, असले तर त्यावर क्रमांक नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्याचे पोवाडे झाले. तो कोडही वेष्टनावर असतो, कापलेल्या तुकड्यावर येईलच असे नाही, आणि ज्या वाडीत पावसाळ्यात फोनला रेंज मिळत नाही तिथे तो वाचायचा कशाने?

प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे नाव, मुदत आणि बॅच छापणे यंत्राला अशक्य नाही. खर्च वाढतो, एवढेच. तो खर्च वाचवण्यासाठी या देशातल्या सर्वांत गरीब रुग्णाकडून लेबल काढून घेतले गेले आहे, आणि लेबलच नसलेल्या माणसाला लेबलातल्या चुकीची सूचना देण्याचा सोपस्कार आपण करतो आहोत.

तो सोपस्कार तरी कायद्याचा आहे काय? तेही नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने सदोष औषध परत मागवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कागद देखणा आहे. लेबल एक आणि आत औषध दुसरे, असा जिवावरचा दोष असेल तर पहिला वर्ग, विक्री २४ तासांत थांबवायची आणि माल फार तर ७२ तासांत उचलायचा. मजकुरातली चूक दुसऱ्या वर्गात, मुदत दहा दिवस. बॅच क्रमांक किंवा तारीख चुकली असेल तर तिसरा वर्ग, मुदत तीस दिवस. पण ही तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सदोष औषध सक्तीने परत मागवायला लावणारी स्वतंत्र तरतूद आजही नाही. २०२३ च्या अखेरीस सुधारलेल्या ‘शेड्यूल एम’ने कारखान्यांना परत मागवण्याची व्यवस्था ठेवायला सांगितले, आणि लहान कारखान्यांना पुढे मुदतवाढही मिळाली. वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत परत मागवण्याचे कलम आहे, पण तिथेही धोका आहे असे आधी कंपनीला वाटावे लागते! आरोपीला वाटेल तेव्हा गुन्ह्याची नोंद, असा हा न्याय.

उलट दिशेने मात्र कायदा तत्परतेने धावला. चुकीचे किंवा दिशाभूल करणारे लेबल लावलेले औषध म्हणजे कलम १७ प्रमाणे ‘मिसब्रँडेड’ औषध. त्याची शिक्षा कलम २७ (ड) मध्ये आहे: एक ते दोन वर्षे कैद आणि किमान वीस हजार दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हाच गुन्हा तडजोडीने मिटवता येण्याजोगा केला. पैसे भरा, खटल्यातून सुटा. जनतेचा विश्वास हे नाव घेऊन जनतेच्या औषधावर खोटे छापणाऱ्याला तुरुंगाच्या दारातून परत फिरण्याची वाट करून दिली गेली. संसदेत हे होत असताना महाराष्ट्राच्या खासदारांपैकी कितीजणांना अकोले तालुक्यातल्या राजूरच्या ग्रामीण रुग्णालयापुढची रांग आठवली?

लेबलाचे असत्य किती महाग पडते हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. औषधी म्हणून आलेल्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची आणि राजकारण्यांची लक्तरे वेशीवर टांगली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले. पुढे काय झाले? जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. वीसहून अधिक. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. तामिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तेच विष होते, ४८.६ टक्के! मान्य मर्यादा ०.१ टक्का. लेबल सांगत होते पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन. बाटलीतला निम्मा ऐवज ज्याचा, त्याचे नाव लेबलावर नव्हते.

याच प्रकरणातली दुसरी बाब विसरली जाते आहे, ती आम्ही विसरू देणार नाही. १८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय औषध महानियंत्रकांनी सर्व राज्यांना कळवले होते की, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा लेबलावर छापून घ्या. छापून घ्या, असे राज्यांना सांगितले. राज्यांनी कारखान्यांना सांगायचे. कारखान्यांनी छापायचे. औषध निरीक्षकाने दुकानात जाऊन बाटली फिरवून बघायची. या साखळीतली शेवटची कडी, बाटली फिरवून बघणारा हात, कुठे होता? पावणेदोन वर्षांत अकोले तालुक्यातल्या किती दुकानांत खोकल्याच्या बाटल्यांची लेबले तपासली, हे अन्न व औषध प्रशासनाने तारीखवार जाहीर करावे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रशासनाने एसआर-१३ बॅच कोणाकडे असेल तर कळवा, असे आवाहन काढले, ठीक केले. ते वृत्तपत्रांत आले, मोबाइलवर फिरले. रतनवाडीच्या चावडीवर ते कोणी वाचून दाखवले काय?

नागपूर जिल्ह्यातच दोन वर्षे आधी याहून निर्लज्ज प्रकार घडला होता. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनच नव्हते. लेबलावर गुजरातेतल्या ज्या कंपनीचे नाव छापले होते, ती कंपनी अस्तित्वात नव्हती. पोलिसांच्या तपासात पुढे आले की या टोळीने सरकारी रुग्णालयांत पोहोचवलेल्या प्रतिजैविकांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होता. अहवाल यायला महिन्यांवर महिने गेले, तोवर गोळ्या वाटून झाल्या होत्या. ज्या गरिबांनी त्या घेतल्या त्यांचा ताप उतरला नाही, ते दुसऱ्या दवाखान्यात गेले, कर्ज काढले, काहींचे काय झाले याची नोंदही नाही. सरकारच खरेदीदार, सरकारच वाटप करणारे, आणि माल कोणाचा हे सरकारलाच ठाऊक नाही! खाजगी दुकानदाराला बिल मागण्याआधी सरकारने आपल्या कोठारातल्या प्रत्येक खोक्याची वंशावळ दाखवावी.

माल परत मागवला असे जाहीर करणे निराळे आणि तो माणसापर्यंत जाऊन परत आणणे निराळे. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीने ‘एएसआर’ हे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राचे तेव्हाचे अन्न व औषध आयुक्त महेश झगडे यांनी या प्रकरणात पाठपुरावा करून गुन्हा नोंदवण्यापर्यंत मजल गाठली, हे या राज्याला भूषणावह. पण केंद्राच्या समितीने आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेली, लाखो रुपये मोजलेली माणसे! त्यांना शोधता आले नाही, तर चार गोळ्या घेऊन साम्रदची वाट चालू लागलेल्या म्हाताऱ्याला हे प्रशासन कसे शोधणार? शोधणार नाही. शोधायचे ठरवलेलेच नाही.

प्रवरेच्या काठी एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. नेवाशाला मोहिनीने देवांना अमृत वाढले, त्या पंगतीत राहू देवाचे रूप घेऊन बसला. सूर्य-चंद्रांनी त्याला ओळखून खूण केली, आणि अमृत गळ्याखाली उतरण्याआधी त्याचे शिर उडाले. रतनवाडीला उगम पावणारी ही नदी म्हणूनच अमृतवाहिनी. खोटे रूप घेऊन पंगतीत बसलेल्याला कसे वागवावे, याचा निवाडा या खोऱ्याने फार पूर्वी केलेला आहे: ओळखल्याबरोबर, घास उतरायच्या आत. आज खोटे नाव लावलेली वस्तू पंगतीत बसते, पोटभर जेवते, हात धुते, आणि मग प्रशासनाची नोटीस निघते.

या खोऱ्याशी झालेला हा पहिला अन्याय नव्हे. १९२६ साली विल्सन धरण पुरे झाले. त्या पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत उसाचे मळे पिकले, साखर कारखाने उभे राहिले, घराणी मोठी झाली. पाणी ज्यांच्या डोंगरावर पडते त्यांच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरतात. आता त्यांच्याच लेकरांसाठी बाजारात औषधाच्या नावाने साखरपाणी येते. जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरवर, औषध निरीक्षकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी, नमुना घ्यायचा एका गावात आणि तपासायचा दुसऱ्या शहरात. शेवटच्या टोकाचा माणूस म्हणून ज्याच्या नावाने निवडणुका लढल्या जातात, त्याच्यापर्यंत पोहोचणारी सरकारी वस्तू एकच, उशीर.

कंपन्यांचे वकील म्हणतील की लेबलातली चूक आणि औषधातला दोष यांत फरक असतो. डॉक्टरपुढे बसलेल्या शहरी रुग्णाच्या बाबतीत कदाचित असेल. ज्या माणसाजवळ डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही, इंटरनेट नाही, त्याच्याजवळ औषधाविषयीचे सगळे ज्ञान त्या चौकोनी कागदावर असते. तो कागद खोटा निघाला की त्याच्यासाठी औषधच खोटे. त्याला परत विचारायला कोणी नाही. म्हणून लेबलाची चूक सर्वांत जड शिक्षेस पात्र ठरते ती सर्वांत दूरच्या गावात, आणि नेमकी तिथेच ती बिनशिक्षा सुटते.

राज्य सरकारने आता दिल्लीकडे बोट दाखवू नये. औषधे आणि विषे हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येतो, राष्ट्रपतींची संमती मागता येते. येत्या अधिवेशनात सदोष औषध आणि खोट्या नावाची पेये सक्तीने परत मागवण्याचे विधेयक आणा. त्यात माल उचलण्याचा खर्च आणि जबाबदारी कंपनीवर टाका, आणि किती विकला, किती परत आला, याचा जिल्हावार हिशेब जाहीर करण्याचे बंधन घाला. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधावर नाव, मात्रा, मुदत आणि इशारा मराठीत हवा, प्रत्येक कप्प्यामागे बॅच हवी. कारखानदार कुरकुरतील, कुरकुरू द्या. लेबलाच्या गुन्ह्याला पैशांत मिटवण्याची जी वाट जनविश्वास कायद्याने उघडली, ती बंद करण्याचा ठराव विधिमंडळाने एकमताने करून केंद्राकडे धाडावा, आणि नगर-नाशिकच्या खासदारांनी तो संसदेत मांडावा.

आणि तोवर जे आजच्या आज करता येते त्यासाठी कोणत्याही संमतीची गरज नाही. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांना ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, त्यांच्या ग्रामसभा जिवंत आहेत. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, प्रत्येक गावात आशाताई आहे, शाळेला फळा आहे. परत मागवलेल्या औषधांची आणि बंदी घातलेल्या पेयांची यादी, वेष्टनाच्या चित्रासह, मराठीत, दर महिन्याला तिथे गेली पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांनी हुकूम काढावा, अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांनी स्वतः घाटघरपर्यंत यावे, आणि जलसंजीवनीच्या पुड्या पाऊस लागण्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक वाडीत मोजून पोहोचवाव्यात. मृग निघाला की आम्ही भंडारदऱ्याच्या शेंडी गावापासून साम्रदपर्यंत दुकाने आणि चावड्या पाहत जाणार आहोत. कोणत्या फळीवर कोणती बाटली सापडली आणि कोणत्या गावात यादी लागली नव्हती, ते गावाच्या नावानिशी, आणि हुकूम ज्यांनी बजावायचा होता त्यांच्या हुद्द्यानिशी, याच स्तंभात छापू.